बाहेर उघडणारं दार

मानवी संस्कृती लाकडावर उभी आहे. दगडाला माणसाने भीतीपोटी जवळ केले, लोखंडाला लोभापोटी. प्रेमाने हात लावला तो फक्त लाकडाला. पहिले चाक, पहिली होडी, पहिला पाळणा, सगळे लाकडाचे. त्यामुळे ज्याने आयुष्यात एकदाही स्वतःच्या हाताने फळीवर रंधा मारलेला नाही, तो शिकलासवरलेला असेल, पेन्शनर असेल, पण पुरा माणूस नव्हे, अशा निष्कर्षाला मी आलो आहे.

हा निष्कर्ष मी पहिल्यांदा घरात जाहीर केला तेव्हा आमची ही म्हणाली, "पाय वर घ्या. सुई पडलीय."

मी पाय वर घेतले. सुई माझ्या टाचेतच होती, त्यामुळे शोध लवकर संपला. संस्कृतीचा विषय त्या दिवशी पुढे गेला नाही.

परिस्थिती थोडी समजावून सांगितली पाहिजे. इमारतींचे नकाशे मंजूर करणाऱ्या कचेरीत मी नोकरी केली. नेमके बोलायचे तर मंजुरी दुसऱ्या टेबलावर व्हायची. माझ्याकडे नकाशे परत पाठवण्याचे काम होते. निवृत्त होऊन घरी आलो आणि कळले, की दुपारी घरात मला जागा नाही. दुपारी दिवाणखान्यात हिचा शिवणवर्ग भरतो. मी नोकरीत असतानाही तो भरत होता म्हणे, पण मला तो फक्त संध्याकाळच्या चिंध्यांवरून ठाऊक होता. आता जेवण झाले की शिलाईची यंत्रे खडखडू लागत आणि मी वर्तमानपत्र घेऊन दिवाणखान्यातून झोपायच्या खोलीत, तिथे कोणी कापड बेतायला आले की स्वयंपाकघरात, तिथे इस्त्री तापली की पॅसेजमध्ये, असा सरकत जाई. पॅसेजमध्ये माझ्यासाठी एक स्टूल होते. एकदा मी त्यावर बसलो असताना एका विद्यार्थिनीने अर्धवट शिवलेला कोट माझ्या खांद्यांवर टाकला, मागे सरकून पाहिले आणि आत हाक मारली, "बाई, डावा खांदा पडतोय."

ही यंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "कोटाचा नाही. तो त्यांचाच आहे."

दुपारची एक जागा आपल्याला हवी, हे मी त्या स्टुलावर ठरवले. कोट अंगावर होता, त्यामुळे निर्णयाला थोडे वजनही आले.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला, कोठीची एक खोली आहे. रुंदीला बरी, खोलीला अगदीच उथळ. आगगाडीचा डबा आडवा ठेवावा तशी. भिंती जुन्या आणि जाड, वर हातभर झरोका, पुढच्या भिंतीच्या मध्यावर एक दार. पूर्वी तिथे पाण्याचा पंप होता. पंप हलवल्यापासून खोली रिकामी होती. ती मी कमिटीकडे मागितली. कारण म्हणून "घरगुती सुतारकामाची कार्यशाळा" असे शब्द वापरले. नुसते "बसायला" म्हटले असते तर मिळाली नसती. बसणाऱ्या माणसाला कोणी खोली देत नाही.

आमचे चेअरमन मऊ स्वभावाचे आहेत. समोरासमोर भांडणाऱ्या दोघांचेही म्हणणे त्यांना बरोबर वाटते. त्यांना मधुमेह असल्यामुळे थोड्याथोड्या वेळाने घरी जाऊन यावे लागते, आणि आमच्या मीटिंगा लवकर संपतात त्या केवळ त्यामुळे. ते म्हणाले, "नकाशेसाहेब, छंद पाहिजेच माणसाला." इमारतीत मला याच नावाने ओळखतात.

"झोपही पाहिजे," जज्जसाहेब म्हणाले.

जज्जसाहेब म्हणजे निवृत्त न्यायाधीश. कोठीच्या बरोबर वर राहतात. त्यांचा पलंग कोठीच्या छताच्या बरोबर मध्यावर येतो, हे त्यांनी पावलांनी मोजून कमिटीला दाखवले. नोकरीभर दुपारी जागे राहावे लागल्याचा अनुशेष ते सध्या भरून काढत आहेत, आणि अनुशेष मोठा आहे.

"तेही बरोबर," चेअरमन म्हणाले आणि घरी जाऊन आले. तेवढ्या वेळात जज्जसाहेबांनी अटी तयार ठेवल्या होत्या. खोली तूर्त चाचणीपुरती. आत आग पेटवायची नाही. दुपारी वर झोपलेल्या माणसाची झोप मोडेल असा आवाज करायचा नाही. दार, चौकट आणि भिंती इमारतीच्या मालकीच्या. त्यांना हात लावायचा नाही. काम उभे राहिले की पाहणी होईल, आणि एकही अट मोडलेली दिसली तर खोली त्याच दिवशी परत.

मी मान्य केले. अटी घालण्यात माझे आयुष्य गेले. पाळण्याचा अनुभव नव्हता.

आता खोली मिळाली म्हटल्यावर तिचा नकाशा काढणे आले. एवढे तरी मला येते. माझ्या कचेरीत दाराला फार मान होता. दार कुठल्या बाजूला उघडते हे नकाशात पाव वर्तुळाच्या कमानीने दाखवतात, आणि ती कमान विसरलेले नकाशे परत पाठवण्यात माझा हातखंडा होता. लोक माझ्या टेबलासमोर रडले आहेत. तर मी खोली काढली, मागच्या भिंतीला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत कामाचे टेबल काढले आणि दाराला कमान दिली. बाहेरच्या बाजूला. कारण कोठीचे दार बाहेर उघडणारे असावे असा नियम आहे आणि तो मला पाठ आहे. आता, मी त्या खोलीत रोज दार आत ढकलून जात होतो, ही गोष्ट खरी. पण नकाशा आणि दार यांच्यात मतभेद झाला तर मी नोकरीभर नकाशाच्या बाजूने उभा राहिलो आहे. ही सवय एकदम जात नाही.

एवढ्यात मेहुणे आले. हिचे थोरले भाऊ. लाकडाशी त्यांचा संबंध दातकोरण्यापुरता, पण सल्ल्याला त्यांनी विषयाची अडचण कधी येऊ दिलेली नाही.

"भावजी, यंत्रं घेऊ नका," ते म्हणाले. "यंत्राने सगळेच करतात. हाताने करा. हाताचं काम बोलतं."

"वर जज्जसाहेब आहेत दादा. बोलणारं काम नकोय."

"मग खिळे नकोत. आवाज सगळा खिळ्याचा. पायांना वर खुंट्या ठेवा, फळीला भोकं पाडा, सरस लावा आणि फळी वरून बसवा. एकदा बसली की जन्मात हलत नाही. आमच्याकडे एक पलंग होता तसा."

"होता म्हणजे? आता कुठे आहे?"

"घर विकलं तेव्हा निघेना. घराबरोबर गेला."

ही गोष्ट त्यांनी टेबलाच्या गुणवर्णनासाठी सांगितली आणि मी तशीच ऐकली. पुढचे सगळे टळले असते, पण इशारे कधी इशाऱ्यासारखे येत नाहीत. पाहुण्यासारखे येतात आणि चहा पिऊन जातात.

हत्यारे विकणाऱ्या दुकानदाराने मला पाहताच ओळखले. म्हणजे मला नव्हे, माझ्या जातकुळीला. निवृत्त, चष्मा, हातात नकाशा. त्याने काउंटरवर कापड अंथरले आणि दागिने दाखवावेत तसा एकेक रंधा मांडला. मोठा रंधा फळी सपाट करायला, मधला पहिल्याची चूक सुधारायला, छोटा मधल्याची. लाकूड कोरायच्या पटाश्या नखाएवढीपासून पंजाएवढीपर्यंत. करवती, हातोडा, शिकंजे, आणि या सगळ्याला धार लावायचे दगड. मी विचारले, "यातलं आधी काय लागतं?"

"आधी कामाचं टेबल लागतं साहेब. त्याशिवाय यातलं काहीच चालवता येत नाही."

"आणि टेबल कशावर करायचं?"

त्याने पटाश्या पुन्हा ओळीत लावल्या. एवढे खोलवर कोणी विचारले नव्हते. "घरी एखादं टेबल असेलच की," तो म्हणाला.

घरी होते. हिचे कापड बेतायचे टेबल. गुळगुळीत, कडेला मोजपट्टीच्या खुणा असलेले. एका सकाळी ही बाहेर गेली असता मी त्यावर फळी ठेवून करवत चालवली. काम सुरेख चालले होते. करवत सुरुवातीला अडखळली, मग वळणावर आली, मग तर लोण्यातून जावी तशी जाऊ लागली, आणि मी मनात म्हटले, हात बसला. हात बसला होता ही गोष्ट खरी. फळी कधीच संपली होती. मी हिच्या टेबलात उतरलो होतो.

ही आली. तिने काप पाहिला. मोजपट्टीवर तो नेमका कुठे पडला आहे तेही पाहिले. आवाज चढवला नाही. हिचा आवाज चढतो तेव्हा मी निर्धास्त असतो.

"ही हत्यारं आजच्या आज खाली जाऊ देत," ती म्हणाली. "आणि पाहणीत खोली गेली, तर ती परत वर येणार नाहीत."

"मग मी कुठे जायचं?"

"तुमचं स्टूल आहे की."

पाहणीला माझ्या दृष्टीने कोणते वजन आले होते, ते आता लक्षात येईल. चेअरमनना तो एक छंद वाटत होता, जज्जसाहेबांना उपद्रव. मला समोर पॅसेज दिसत होता, आणि स्टुलावर एक डावा खांदा पडलेला गृहस्थ.

त्यानंतर मी खाली चोरासारखे काम केले. हातोड्याला हात लावला नाही. फळ्या सरसाने जोडल्या, शिकंज्यांत आवळल्या, रंधा तर असा मारला की जणू मांजराची पाठ खाजवतोय. तरी मधूनच एखादी पटाशी खाली पडे, आणि मी श्वास धरून छताकडे पाही. वरून काठीचा ठोका येई. कधी पटाशी न पडताही येई. जज्जसाहेब कशाची तरी नोंद घेत आहेत, हे कळत होते. कशाची, ते कळत नव्हते, आणि तेच वाईट होते. त्यांनी वरून शिवी दिली असती तर मी रोज शांतपणे झोपलो असतो.

अखेर टेबलाचा सांगाडा मागच्या भिंतीलगत उभा राहिला. त्यावरची एकसंध जाड फळी भिंतीला टेकवून आडवी उभी केली होती. सांगाड्यापेक्षा ती पुढे चांगली हातभर येणार होती, शिकंजे अडकवायला. आणि लांबीला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मधे पोस्टकार्ड जाणार नाही अशी. फळी फक्त वरून बसवायची बाकी ठेवली होती. म्हटले, शेवटचा हात पाहणीच्या वेळीच मारू. काम डोळ्यांदेखत पुरे झालेले पाहून माणूस विरघळतो.

पाहणी दुपारीच व्हावी, हा जज्जसाहेबांचा आग्रह. ते काठी घेऊन आले. चेअरमन घरी जाऊन मग आले. मेहुण्यांना मी मुद्दाम बोलावले होते, आपल्या बाजूला एक माणूस असावा म्हणून.

जज्जसाहेबांनी खोली पाहिली. सगळे दगड, सगळ्या पटाश्या पाहिल्या. भिंतीवर बोट फिरवले. बोटाला काही लागले नाही याचा त्यांना त्रास झालेला दिसला. मग म्हणाले, "या खोलीतलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं काम कोणतं?"

"ही फळी ठोकून बसवणं," मी म्हणालो. खोटे बोलायला हवे होते. पण कलेचा अभिमान आडवा आला.

"मग तेच करा. दार लावून. आणि वर माझ्या पलंगावर एक माणूस झोपवा. त्याला आवाज आला तर निकाल तिथल्या तिथे."

"माणूस मी," मेहुणे म्हणाले. असल्या कामाला ते नेहमी पुढे असतात. जज्जसाहेबांनी किल्ली दिली, चपला पायरीवर काढायला सांगितले, उशी एकच घ्यायची असे बजावले. मेहुणे गेले. चेअरमननी दार आतून लोटून घेतले.

मी खुंट्यांना सरस लावला. तिघांनी मिळून फळी उचलली. जज्जसाहेबांनी काठी बगलेत धरून एका टोकाला बोटे लावली, आणि कायद्याच्या दृष्टीने ते सहकार्य नव्हे असे स्पष्ट केले. फळी खुंट्यांवर उतरली. मी हातोडा घेतला. मनात म्हटले, पॅसेज की खोली, आणि ठोकले. एकदा, पुन्हा एकदा, या टोकाला, त्या टोकाला. फळी खालीखाली जात राहिली आणि शेवटी खुंट्यांवर अशी घट्ट बसली, की जणू झाडानेच तिथे टेबल धरले असावे.

छताकडे पाहिले. सगळे शांत होते.

"चला, वर जाऊन विचारू," जज्जसाहेब म्हणाले. चेअरमननी दार ओढले.

दार आत आले, टेबलाच्या कडेवर टक्क वाजले आणि थांबले. फट पडली ती हात जाईल एवढी. मनगट गेले असते, माणूस नाही.

चेअरमननी दार लोटून पुन्हा ओढले. टक्क. जज्जसाहेबांनी त्यांना बाजूला करून स्वतः ओढले. टक्क. मग मी ओढले. का, ते सांगता येणार नाही. त्यांना ओढता येत नव्हते असे थोडेच होते.

"दार आत उघडतं," जज्जसाहेब म्हणाले.

"नकाशात बाहेर आहे," मी म्हणालो.

 टेबल आणि दाराची भिंत यांच्या मधे पोट आत ओढून कसेबसे उभे राहता येईल एवढीच पट्टी होती, आणि त्या पट्टीत आम्ही तिघे ओळीने उभे होतो, रेशनच्या रांगेसारखे.

"फळी उचला परत," चेअरमन म्हणाले. आम्ही जोर लावला. मेहुण्यांचा सल्ला हा एकदाच खरा ठरला: ती जन्मात हलणार नव्हती. फोन काढले, जाड भिंतींत रेंज नव्हती. चेअरमननी फटीतून हात बाहेर काढून फोन वर धरला, तेव्हा तो हातातून सुटून बाहेर पडला. ते पाहून आम्ही दोघांनी आपापले फोन खिशात घातले.

"मेहुणे आहेत की वर," मी म्हणालो. "हाक मारू."

आम्ही हाका मारल्या. आधी सभ्यपणे, आडनावाने. मग "अहो मेहुणे" म्हणून. शेवटी चेअरमननी नुसताच एक लांब आवाज काढला. उत्तर नाही. घरी हाक पोचणे शक्य नव्हते. तिथे शिवणवर्ग ऐन रंगात होता.

"बाजूला व्हा," जज्जसाहेब म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून हातोडा घेतला आणि फळीच्या राहिलेल्या तुकड्याने छताखालची भिंत धोपटायला सुरुवात केली. एका हाताने तुकडा धरायचा, दुसऱ्याने त्यावर हातोडा. एवढ्या वयाच्या माणसात इतका जोर असेल असे वाटले नव्हते. झरोक्यातून धूळ पडली. पंपाच्या काळातले एक कोळिष्टक माझ्या चष्म्यावर आले. वर कोणी हलले नाही.

"मेला की काय तो माझ्या पलंगावर?" जज्जसाहेब धापा टाकत म्हणाले.

मी उत्तर देणार होतो, पण माझे लक्ष चेअरमनकडे गेले.  एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होते, आणि कपाळावर घाम होता. घरी जायची त्यांची वेळ झाली होती. खरे तर होऊन गेली होती.

"नकाशेसाहेब," ते हळू म्हणाले, "लवकर काहीतरी करा."

आता दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. स्क्रू काढले की दार सुटणार. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हाताशी, दुकानदाराने बळेच दिलेला, बिनवापरलेला. मी तो उचलला. जज्जसाहेब माझ्याकडे पाहत होते.

"दाराला हात लावायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "खोली मात्र खाली करावी लागेल. अट आहे."

"अहो, यांची अवस्था बघा."

"बघतोय. म्हणून तर हरकत नाही म्हणालो."

मला पॅसेज दिसला. स्टूल दिसले. मग चेअरमनचा चेहरा दिसला. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. माणसाची अशी अवस्था पाहून जो खोलीचा विचार करील तो मी नव्हे, असे मी मनाला बजावले. मन तयार होईपर्यंत थोडा वेळ गेला, हे कबूल करतो. मी स्क्रू-ड्रायव्हर बिजागरीला लावला.

तो टेकेना. कमिटी दर थोड्या वर्षांनी दाराला रंग देते आणि जुना रंग कधीच खरवडत नाही. इतक्या वर्षांच्या रंगाखाली स्क्रू कुठे आहेत, हे इतिहास संशोधकच सांगू शकला असता. मी खरवडून पाहिले. बिजागरी गुळगुळीत राहिली.

"प्रयत्न झाला," जज्जसाहेब म्हणाले. "प्रयत्नही मोजला जातो."

म्हणजे खोली गेली, आणि दारही उघडले नाही.

राहिले टेबल. मी त्याच्याकडे पाहिले. त्याच्या कडेवर मी किती दिवस हात फिरवला होता, आणि ती कड अजून सरसाने ओली होती. मग खिशातली पेन्सिल काढली, दाराच्या रुंदीएवढ्या दोरीचे एक टोक बिजागरीपाशी जज्जसाहेबांना धरायला दिले, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधली आणि फळीवर एक कमान ओढली. दार आत उघडते तशी. नोकरीभर मी दुसऱ्यांच्या कागदांवर ती शोधली होती. माझ्या हाताने काढलेली आणि दाराशी जुळणारी ही पहिलीच.

करवत घेतली. कमान करवतीने कापता येत नाही, हे पहिल्या दोन हातांत समजले. मग कडेपासून कमानीपर्यंत ओळीने काप घेतले, फणीचे दात असावेत तसे, आणि एकेक दात पटाशीने उडवायला सुरुवात केली. पटाशी मी धरली, हातोडा जज्जसाहेबांनी मारला. त्यांना तो आवडायला लागला होता, असे मला वाटते, कारण ते मधेमधे माझ्या आधीच मारत होते.

"बोटं सांभाळा," मी म्हणालो.

"तुमची तुम्ही सांभाळा. मी हातोडा मारतोय."

"चेअरमनसाहेब, आणखी थोडा धीर धरा."

चेअरमन डोळे न उघडता म्हणाले, "पाण्याचं नाव काढू नका."

"मी काढलंच नाही."

"कोणी काढू नये म्हणून सांगितलं."

एकेक ढलपी उडत होती. फट मनगटाची होती ती कोपराची झाली, मग खांद्याची. चेअरमन मधूनमधून डोळे उघडून आपल्या पोटाकडे आणि फटीकडे पाहत. शेवटचे दोन दात राहिले असता ते म्हणाले, "पुरे," पोट आत ओढले आणि फटीत घुसले. अडकले. जज्जसाहेबांनी मागून काठी टेकवली, मी खांदा लावला, उजवा. चेअरमन एकदम सुटले आणि दिसेनासे झाले. जिन्यावर त्यांची पावले ऐकू आली. इतक्या वेगाने त्यांना कुठल्याही मीटिंगला जाताना मी पाहिलेले नाही.

आम्ही दोघे बाहेर आलो. जज्जसाहेब डोक्यापासून पायापर्यंत भुश्शाने माखले होते. त्यांनी ते झटकले नाही. सरळ जिना चढले, मी मागून. मला वाटत होते, मेहुण्यांना काही झाले असेल. इतक्या वेळात इतका आवाज, आणि माणूस उठू नये?

मेहुणे पलंगावर उताणे पडले होते. दोन उशा घेतल्या होत्या. तोंड उघडे, आणि घोरणे असे, की खालच्या करवतीला ताल धरावा.

जज्जसाहेब पलंगाशी उभे राहिले. त्यांच्या हातात अजून माझा हातोडा होता.

तेवढ्यात ही आली. चेअरमन धावत वर गेलेले पाहून तिने वर्ग सोडला होता. मागून चेअरमनही आले, आता वेगळेच गृहस्थ. चेहरा पावसाने धुतल्यासारखा, सगळ्या जगाला क्षमा केलेला.

"काय ठरलं?" त्यांनी विचारले.

"साक्षीदार झोपला होता," जज्जसाहेब म्हणाले. "त्याची साक्ष ग्राह्य नाही."

"पण अट तीच होती ना साहेब?" मी म्हणालो. "वर झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये. हे झोपलेत. तुम्ही स्वतः इतका वेळ हातोडा मारलात."

"हा माणूस दगड असेल. याची झोप कशी आहे, मला काय ठाऊक?" ते हिच्याकडे वळले. "बाई, हे तुमचे भाऊ. यांची झोप कशी आहे?"

 लहानपणी हिच्या घरी भिंत पडली होती, आणि ढिगारा उपसला तेव्हा दादा खाली घोरत होते, ही गोष्ट ही दर वर्षी एकदा तरी सांगते. तिने भावाकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. माझ्या केसांत भुसा होता, चष्म्यावर कोळिष्टक होते.

"दादाची झोप फार सावध आहे," ती म्हणाली. "पानाचा आवाज झाला तरी जागा होतो."

हे तिने माझ्यासाठी केले की दुपारच्या वर्गासाठी, ते मी विचारलेले नाही. काही प्रश्न संसारात विचारायचे नसतात.

जज्जसाहेबांनी हातोडा या हातातून त्या हातात घेतला. "आणि दार?" शेवटी म्हणाले. "दाराला यांनी हात लावला."

"मी काही पाहिलं नाही," चेअरमन म्हणाले. "मी त्या वेळी डोळे मिटून होतो."

"मी पाहिलं."

"तेही बरोबर," चेअरमन म्हणाले, "पण रंग आपल्या कमिटीचाच आहे, आणि तो निघालेलाही नाही."

खोली मला मिळाली.

आता मी रोज जेवण झाले की खाली जातो. दार आत ढकलतो. ते टेबलाच्या चावा घेतल्यासारख्या कमानीतून वळते आणि भिंतीशी जाते. टेबलाला अजून थोडे पॉलिश हवे आहे, पण ते सोडता कार्यशाळा पूर्ण सज्ज आहे. पटाश्या ओळीने टांगल्या आहेत, दगड भिजवलेले आहेत, रंध्यांच्या पात्यात माझे तोंड दिसते. काय करायचे ते अजून ठरलेले नाही. कपाट करावे, की खुर्चीपासून सुरुवात करावी, यावर मी रोज बसून विचार करतो.

परवा दुपारी, ऐन झोपेच्या वेळी, दारात सावली पडली. जज्जसाहेब. हातात कागदाची गुंडाळी.  वाटले, काढली यांनी एखादी पळवाट. नोकरीभर हेच केलेला माणूस. ते आत आले, टेबलाच्या कापलेल्या कडेवर बोट फिरवले, मग माझ्याकडे पाहिले.

"आहे का वेळ?" त्यांनी विचारले.

"बोला," मी उठून उभा राहिलो. बसून ऐकायचे धैर्य नव्हते.

"कॅलेंडर लावायचंय. एक खिळा मारायचा आहे."

मला एकदम हलके वाटले. म्हटले, या खोलीला पहिले काम आले, आणि तेही कुठून. मी पटाश्यांकडे हात केला. "त्याचं असं आहे साहेब, नुसता खिळा भिंतीत राहत नाही. आधी भिंत बघावी लागेल, मग लाकडाची गुल्ली तासून आत बसवू, वाटल्यास छोटीशी चौकटही करू. मी येतो वर, माप घेतो."

"नको," जज्जसाहेब म्हणाले. "हातोडा तेवढा द्या. तुम्ही येऊ नका."